गोळा कुठे ठेवायचा आणि तोफेत कसा भरायचा

माझे मामा रणगाड्यात लोडर होते. विजयंता रणगाड्यावर. सुट्टीत आम्ही भाचरं गावी गेलो की ते आजीकडून वरवंटा मागून घ्यायचे, एकाला रिकामा डबा आडवा धरून उभं करायचे आणि 'तोफ कशी भरतात' ते शिकवायचे. वरवंटा दोन्ही हातांनी उचलायचा, टोक डब्याच्या तोंडाशी आणायचं, आत सरकवायचं आणि शेवटचा धक्का द्यायचा तो मूठ मिटून. आमच्यातलं कुणी पंजा उघडा ठेवून ढकललं की मामा हातावर चापट मारायचे. "बोटं उघडी ठेवलीस तर तोफ बोटं घेऊनच दार लावते."

त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. विजयंताच्या 105 मिलिमीटर तोफेच्या मागच्या बाजूला पोलादाचा जाडजूड ठोकळा असतो. त्याला ब्रीच म्हणतात. गोळा पूर्ण आत बसला की हा ठोकळा आपोआप सरकतो आणि तोंड बंद करतो. त्याच्या वाटेत बोट आलं तर बोट जातं. मिटलेली मूठ मात्र ठोकळ्याबरोबर बाजूला ढकलली जाते. चालत्या, हादरणाऱ्या गाडीत, धुरात, कमांडरने ज्या प्रकारचा गोळा सांगितला तोच ओळखून काढायचा, वीसेक किलोचं ते धूड उचलून फिरवायचं, तोफेत घालायचं, गोळी सुटताच तोफ जोरात मागे येते त्या वाटेतून अंग बाजूला घ्यायचं आणि ओरडायचं, "लोडेड!" मग पुन्हा पहिल्यापासून.

बंदूक, मशीनगन, विमानातली तोफ, युद्धनौका, रणगाडा या सगळ्यांत दारूगोळा साठवून हत्यारापर्यंत पोहोचवणारी जी यंत्रणा असते, ती मामांच्या या कामाची जागा घेते. साठवणं, नेमका गोळा पुढे आणणं, आत घालणं आणि झडलेलं रिकामं काडतूस बाहेर काढणं, एवढीच ती कामं. ऐकायला सोपं वाटतं. पण या यंत्रणांचा इतिहास वाचत गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की किती वेगाने गोळा भरला जातो, हा त्यातला दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की न झाडलेले गोळे ठेवलेत कुठे, आणि त्यांच्या शेजारी कोण बसलंय.

खजिन्यापासून सुरुवात

बंदुकीच्या गोळ्यांच्या पेटीला आपण मॅगझिन म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी. 'मखझन' म्हणजे कोठार. आपला 'खजिना' त्याच धातूतून आला. युरोपीय भाषांत गेल्यावर त्याचा अर्थ आधी दारूकोठार असा झाला, किल्ल्यातलं किंवा जहाजाच्या पोटातलं. मग कोठार लहान होत होत बंदुकीच्या पोटाला लटकणाऱ्या पेटीत आलं, नाव मात्र तेच राहिलं. मला हा प्रवास फार बोलका वाटतो. बंदुकीखालची ती पेटी म्हणजे खरोखरच एक छोटं कोठार आहे.

ही पेटी कशी चालते हे बघायला स्टेपलर उघडा. आत पिनांची रांग असते आणि मागून एक स्प्रिंग तिला सतत पुढे रेटत असते. पुढची पिन गेली की दुसरी तिच्या जागी हजर. बंदुकीच्या मॅगझिनमध्येही स्प्रिंग, तिच्यावर एक सपाट पट्टी आणि त्यावर काडतुसं एकावर एक. तोंडाशी पत्र्याच्या कडा आत वळवलेल्या असतात. त्या वरच्या काडतुसाला बाहेर उडू देत नाहीत, फक्त पुढे सरकू देतात. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे जाऊन परत येताना वरचं काडतूस पुढे ढकलत नळीत नेतो. एवढ्या साध्या वस्तूतली सगळी नाजूक जागा म्हणजे त्या वळवलेल्या कडा. पेटी दगडावर आपटून कड जराशी वाकली की काडतूस तिरकं येतं आणि बंदूक अडकते.

एके-47 चं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं का, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं उत्तर चहाच्या टपरीवर मिळेल. कटिंगचा ग्लास खाली निमुळता, वर रुंद असतो. असे दहा ग्लास टेबलावर आडवे, एकाला एक चिकटवून ठेवा. रांग सरळ राहत नाही, कमानीसारखी वळते. एके-47 चं काडतूस असंच निमुळतं आहे, कारण झडल्यावर निमुळती टोपी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, नळीतून चटकन सुटते. रांग वळणारच, म्हणून पेटीही वळवली.

लष्करातल्या वरिष्ठांना सुरुवातीला ही पेटी फारशी रुचली नव्हती. ब्रिटिशांच्या ली-एनफील्ड बंदुकीत दहा काडतुसांची पेटी होती, पण सुरुवातीच्या बंदुकांवर ती बंद करणारी एक सरकती पट्टीही बसवलेली असे. शिपायाने एरवी एकेक काडतूस हाताने भरून झाडायचं आणि पेटीतला साठा आणीबाणीसाठी राखायचा, असा हिशेब. हातात वेग आला की शिपाई दारूगोळा उधळेल, ही भीती. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ती पट्टी निरुपयोगी ठरली.

मशीनगनला पेटी पुरत नाही, म्हणून पट्टा आला. लवंगी फटाक्यांची लड असते तशी काडतुसांची लड. हायरम मॅक्सिमने 1884 च्या सुमारास बनवलेल्या मशीनगनमध्ये कापडी पट्टा होता आणि तो ओढायचं काम मागे येणाऱ्या नळीच्या धक्क्यावरच होत असे. पण कापड ओलं झालं की फुगतं, काडतूस घट्ट बसतं. पुढे धातूच्या कड्या आल्या. काडतूसच दोन कड्यांना जोडणारी खीळ असतं. ते निघालं की कडी सुटून खाली पडते.

पट्ट्यालाही मर्यादा आहे. लढाऊ विमानांतली सहा नळ्यांची व्हल्कन तोफ मिनिटाला सहा हजार गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला शंभर. एवढ्या वेगाने पट्टा ओढला तर तो ताणाने तुटतो. म्हणून तिथे पट्टाच काढून टाकला. मोठ्या पिंपात गोळ्या कडेकडेने लावलेल्या असतात आणि मधला मळसूत्री दांडा फिरून त्यांना पुढे सरकवत नेतो, गिरणीत धान्य पुढे ढकलणाऱ्या स्क्रूसारखा. अमेरिकेच्या ए-10 विमानात तर झडलेल्या टोप्याही बाहेर न टाकता त्याच पिंपात परत आणतात. हजारभर रिकाम्या टोप्या बाहेर फेकल्या तर त्या विमानालाच लागतील, आणि पुढचं एवढं वजन अचानक कमी झालं तर विमानाचा तोलही बिघडेल. नव्या गोळ्या पुढे, रिकाम्या मागे. अगदी रहाटगाडग्यासारखं.

इथपर्यंत बिघाड झाला तर हत्यार अडकतं. गोळे मोठे झाले की बिघाडाचा अर्थ बदलतो.

दारू कशी जळते

तोफेच्या एका बारात दोन मुख्य भाग. पुढे जाणारा गोळा, आणि त्याला ढकलणारी दारू. ही दारू स्फोट होण्यासाठी बनवलेली नसते, ती फार वेगाने जळण्यासाठी बनवलेली असते. फटाक्यातली दारू कागदावर मोकळी पेटली तर भसकन जळून जाते. तीच सुतळीत करकचून बांधली की सुतळी बॉम्ब होतो. मोकळी जागा मिळाली तर ज्वाळा, कोंडली तर स्फोट. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं आपोआप कळतं.

आणि मुंबईकरांना तर कोंडलेला दारूगोळा काय करतो हे वेगळं सांगायला नको. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात शेकडो टन स्फोटकं आणि त्यांच्याच जोडीला कापसाच्या गासड्या. दोन स्फोटांत गोदीचा परिसर उद्ध्वस्त झाला आणि शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. त्या जहाजात तोफ भरण्याची यंत्रणा वगैरे काही नव्हती. पण काय कशाशेजारी ठेवायचं, हा प्रश्न तोच.

उघडी दारं

आता पहिल्या महायुद्धातल्या उत्तर समुद्रात जाऊ. त्या काळच्या मोठ्या युद्धनौकेची तोफ म्हणजे एक चार-पाच मजली इमारत समजा. डेकवर दिसतो तो फक्त वरचा मजला, फिरतं पोलादी घर. त्याच्याखाली एक जाड चिलखती विहीर थेट जहाजाच्या तळापर्यंत जाते. तळाशी दोन कोठारं, एक गोळ्यांचं आणि एक दारूचं. तिथून पाळण्यासारख्या लिफ्टमधून गोळा आणि दारू मधल्या मजल्यावर येतात, तिथून दुसऱ्या पाळण्यातून वर तोफेपाशी. मधला मजला मुद्दाम ठेवलेला. एकच सरळ विहीर असती तर वर पेटलेली आग थेट कोठारात उतरली असती. मजल्यामजल्यावर दारं असतात, आणि एक दार उघडं असताना दुसरं बंद हवं, हा नियम.

24 जानेवारी 1915 ला डॉगर बँकच्या लढाईत जर्मनांच्या 'सायडलिट्झ' जहाजावर ब्रिटिश गोळा आदळला. मागच्या तोफेच्या विहिरीत दारू पेटली. तिथल्या खलाशांनी जीव वाचवायला शेजारच्या तोफेकडे जाणारं दार उघडलं आणि आग त्या दारातून दुसऱ्या विहिरीतही शिरली. दोन्ही तोफांवरची दीडशेहून जास्त माणसं जळून गेली. विल्हेल्म हाइडकॅम्प नावाच्या खलाशाने तापून लाल झालेल्या झडपा हातांनी फिरवून कोठारात पाणी सोडलं, म्हणून जहाज वाचलं. जर्मनांनी धडा घेतला. लिफ्टपाशी किती दारू एका वेळी बाहेर ठेवायची यावर बंधनं घातली. शिवाय त्यांची मुख्य दारू पितळी टोपीत बंद असे.

ब्रिटिशांची दारू रेशमी पिशव्यांत असे, आणि त्या लवकर पेटाव्यात म्हणून टोकाला काळ्या दारूचा थर शिवलेला. त्यात त्यांच्या क्रूझरच्या ताफ्यात वेगाचं वेड शिरलं होतं. जितक्या झटपट तोफ झाडू तितकं बरं. दार उघडायला-लावायला वेळ जातो, म्हणून दारं उघडी ठेवायची. कोठारातून पिशव्या आणायला वेळ जातो, म्हणून आधीच काढून वाटेत रचून ठेवायच्या. आखणी करणाऱ्यांनी मजले केले, दारं केली, आणि लढणाऱ्यांनी ती घाईपोटी निकामी केली.

31 मे 1916, ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांची जटलंडची लढाई. त्या एका दिवसात 'इन्डिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इन्व्हिन्सिबल' ही तीन मोठी ब्रिटिश जहाजं स्फोटाने फुटून बुडाली. तिन्हींवर मिळून तीन हजारांहून जास्त माणसं होती, वाचली ती जेमतेम तीसेक. ताफ्याचं प्रमुख जहाज 'लायन' याच मार्गाने जायचं होतं. त्याच्या मधल्या तोफेच्या घराचं छप्पर गोळ्याने फाडलं, आतले जवळजवळ सगळे मेले. मेजर फ्रान्सिस हार्वे प्राणघातक जखमी होते. त्यांनी तशाच अवस्थेत कोठाराची दारं बंद करून आत पाणी सोडायचा हुकूम दिला. थोड्या वेळाने उरलेल्या पिशव्यांनी पेट घेतला आणि ज्वाळा विहिरीतून खाली उतरल्या. वाटेतली माणसं गेली. पण कोठारात तोवर पाणी भरलं होतं. हार्वेंना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

लायनच्या वाचण्यात आणखी एका माणसाचा हात आहे आणि त्याचं नाव फार कुणी घेत नाही. अलेक्झांडर ग्रँट हे त्या जहाजाचे दारूगोळ्याचे प्रमुख होते. लढाईच्या आधीच त्यांनी आपल्या जहाजावर शिस्त बसवली होती. लागेल तेवढीच दारू बाहेर काढायची, दार लावून ठेवायचं. ताफ्यात दुसरीकडे चाललेल्या घाईला त्यांनी आपल्या जहाजावर थारा दिला नाही. मला ग्रँट हार्वेंइतकेच मोठे वाटतात.

तोफ हलते, कोठार हलत नाही

रणगाड्यात हीच इमारत एका खोलीत कोंबावी लागते. तिथे भूमितीची एक अडचण आहे. रणगाड्याचं धड चालत असतं. वरचा घुमट, म्हणजे टरेट, डावी-उजवीकडे फिरतो. आणि टरेटमध्ये तोफ वर-खाली होते. मग गोळ्यांचं कोठार कशाला जोडायचं? धडाला जोडलं तर टरेट फिरल्यावर तोफेचं मागचं तोंड भलतीकडे जातं. टरेटला जोडलं तरी तोफ वर-खाली झाली की तोंड जागेवर राहत नाही. माणसाला ही अडचण नसते. तोफेचं तोंड जिथे असेल तिथे मामांचे हात पोहोचत. यंत्राला मात्र गोळा नेहमी एकाच ठिकाणी द्यायला आवडतं.

फ्रेंचांनी एएमएक्स-13 या हलक्या रणगाड्यात यावर मोठी कल्पक तोड काढली. टरेटच दोन तुकड्यांचं केलं. तोफ वरच्या तुकड्यात पक्की बसवली आणि नेम वर-खाली करायचा तर तो अख्खा वरचा तुकडाच झुलवायचा. मागे सहा-सहा गोळ्यांची दोन फिरती पिंपं, रिव्हॉल्व्हरसारखी, त्याच तुकड्यात. तोफ कितीही झुकली तरी पिंपं तिच्यासोबत झुकतात, तोंड आणि गोळा नेहमी समोरासमोर. बारा गोळे झटपट झाडता येत. पण ते संपले की पिंपं बाहेरून हाताने भरावी लागत, म्हणजे लढाईतून मागे हटावं लागे. आपल्या लष्कराच्या 20 लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटने हेच रणगाडे घेऊन 1 सप्टेंबर 1965 ला छांबमध्ये पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांना तोंड दिलं. पॅटन वजनाने आणि चिलखताने कितीतरी भारी होते.

स्वीडनने त्याहून टोकाचं केलं. त्यांच्या एस-टँकला टरेटच नाही. तोफ थेट धडात पक्की. नेम धरायचा तर अख्खी गाडी वळवायची आणि चाकांच्या हायड्रॉलिक आधारांवर पुढून-मागून उचलायची. मग कोठार आणि तोफ एकमेकांच्या संदर्भात कधी हलतच नाहीत. पन्नास गोळे पोटात, मिनिटाला पंधरा झाडण्याची क्षमता, आणि माणसं फक्त तीन. पण चालता चालता नेम धरून मारा करणं या गाडीला जमत नसे.

पायाखालचं चक्र

सोव्हिएत अभियंत्यांनी निवडलेली तिसरी वाट आपल्या घरातली आहे. टी-72, म्हणजे आपला 'अजेय', आणि टी-90, म्हणजे 'भीष्म', दोन्ही याच वाटेवरचे.

टी-72 ची तोफ 125 मिलिमीटरची. एवढा गोळा दारूसकट एका तुकड्यात केला तर तो लांबलचक होतो, म्हणून गोळा वेगळा आणि दारूची नळी वेगळी. टरेटच्या तळाशी, गनर (नेम धरून तोफ झाडणारा) आणि कमांडर यांच्या पायाखाली, एक आडवं फिरतं चक्र आहे. जत्रेतल्या चक्रीपाळण्यासारखं, जमिनीला समांतर. त्यात 22 कप्पे. प्रत्येक कप्प्यात गोळा आणि त्याच्यावर त्याची दारू.

गनर बटण दाबून कोणता गोळा हवा ते सांगतो. चक्र फिरतं आणि तो कप्पा तोफेच्या मागे येऊन थांबतो. तोफ ठरलेल्या कोनात वर होऊन स्थिर होते, म्हणजे ती भूमितीची अडचण क्षणापुरती थांबवली जाते. कप्पा वर उचलला जातो. एक साखळीचा दांडा, जो एका बाजूला वाकतो आणि दुसऱ्या बाजूला काठीसारखा ताठ राहतो, गोळा आत ढकलतो आणि मागे येतो. कप्पा थोडा खाली सरकतो. आता दारूची नळी समोर येते, तीही आत. ब्रीच बंद. तोफ पुन्हा नेमावर. सगळं मिळून सात-आठ सेकंद. गोळी सुटल्यावर दारूची नळी जवळजवळ पूर्ण जळून जाते. उरते फक्त धातूची बुटकी बैठक, आणि तीसुद्धा टरेटच्या मागच्या छोट्या झाकणातून बाहेर फेकली जाते.

लोडर गेला, म्हणजे एका माणसाची उभं राहण्याची जागा वाचली. टरेट बुटकं झालं, चिलखत कमी लागलं, वजन कमी झालं. पहिला टी-72 साधारण 41 टनांचा. चार माणसांचे पाश्चात्त्य रणगाडे आज साठ टनांच्या पुढे आहेत. पुलांचं, रेल्वेच्या वाघिणींचं, दलदलीचं गणित मांडणाऱ्या लष्करासाठी हा फरक फार मोठा आहे. ही योजना वेडगळ नव्हती, आणि जे आज तिला सरसकट हसतात ते अन्याय करतात. चक्र तळाशी आहे, आणि लढाईत गोळे बहुधा वरच्या भागाला लागतात, हाही त्यामागचा विचार होता.

अडचण अशी की चक्रात मावतात 22, आणि रणगाड्यात एकूण चाळीसच्या आसपास असतात. उरलेले गोळे आणि दारूच्या नळ्या धडात, टरेटमध्ये, मिळेल त्या कोपऱ्यात अडकवलेल्या. दारूची ती नळी स्वतःच जळणारी, तिला धातूचं कवच नाही. चिलखत भेदून आलेला एखादा तापलेला तुकडा तिला लागला की पेट, आणि खोली बंद. 1991 च्या आखाती युद्धात आणि 2022 पासून युक्रेनमध्ये टरेट धडापासून उडून बाजूला पडलेले रणगाडे जगाने पाहिले. ते चित्र म्हणजे कोंडलेली दारू आहे. आतल्या तिघांना त्यात वाव नसतो.

कुकरचा वाल्व्ह

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेर्मन रणगाड्यांना पेट घेण्याबद्दल बदनामी आली होती. लोक पेट्रोलला दोष देत. मूळ कारण बहुतेक वेळा दारूगोळाच होता. 1944 मध्ये गोळ्यांचे कप्पे वरून हलवून तळाशी नेले आणि त्यांच्याभोवती पाण्याच्या टाक्या बसवल्या. अमेरिकन लष्कराच्या पाहणीत दिसलं की आधी मार बसलेल्या शेर्मनपैकी 60 ते 80 टक्के पेटत, या बदलानंतर 10 ते 15 टक्के.

एब्रॅम्स रणगाड्यात अमेरिकनांनी पुढचं पाऊल टाकलं. बहुतेक गोळे टरेटच्या मागच्या खणात, आणि खण व माणसं यांच्यामध्ये जाड पोलादी सरकतं दार. खणाचं छप्पर मात्र मुद्दाम कमकुवत. कुकरचा सेफ्टी वाल्व्ह जसा आधी उडतो आणि भांडं वाचवतो, तसं आत आग लागली तर ते छप्पर उडून जातं आणि ज्वाळा आकाशाकडे निघून जातात. दारू जळते, पण कोंडली जात नाही. रणगाडा निकामी होतो, माणसं उतरून चालत जाऊ शकतात, अर्थात दार बंद असेल तर. म्हणून दाराचं बटण लोडरच्या गुडघ्यापाशी आहे. गुडघ्याने दाबलं की दार सरकतं, गोळा ओढून घ्यायचा, गुडघा काढला की दार आपोआप बंद.

म्हणजे सुरक्षेसाठी माणूसच लोडर हवा असं नाही. फ्रान्सच्या लक्लेर्क रणगाड्यात यंत्र भरतं आणि तरीही 22 गोळे मागच्या वेगळ्या खणात आहेत, वर उडणाऱ्या झाकणांसह. दक्षिण कोरियाच्या के-2 मध्येही यंत्र मागच्या खणातच आहे. रशियानेही टी-90एम मध्ये चक्राबाहेरचे काही गोळे माणसांच्या खोलीतून काढून टरेटच्या मागे बाहेरच्या पेटीत हलवले. चक्र मात्र जागच्या जागी आहे. 2015 मध्ये मॉस्कोच्या संचलनात दिसलेल्या टी-14 मध्ये तर टरेटमध्ये माणूसच नाही. तिघे धडात पुढे एका वेगळ्या चिलखती कुपीत, आणि गोळे मागे.

आपल्या अर्जुनमध्ये चार माणसं आहेत, लोडरसह. यावर आपल्याकडे बरीच चर्चा होते, यंत्र का नाही म्हणून. मामांना विचारलं तर ते तोफेचं नाव न काढता उत्तर द्यायचे. "रात्री ट्रॅक तुटला की कळतं चौथा माणूस कशाला." टनावारी वजनाची साखळी जोडायची, इंधन भरायचं, पहाऱ्याच्या पाळ्या लावायच्या, तिघांत हे सगळं करून सकाळी परत लढायचं म्हणजे झोप कुणाच्या वाट्याला येत नाही. यंत्र थकत नाही हे खरं. खडबडीत रानात धावताना माणसाचा वेग कमी होतो, यंत्राचा होत नाही, हेही खरं. पण यंत्र पहारा देत नाही.

मागच्या दिवाळीत मी मामांना फोनवर टी-72 चं उभं छेदचित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, चित्र मोठं केलं, आधी कमांडरच्या सीटवर बोट ठेवलं, मग खालच्या चक्रावर. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याही गाडीत गोळे आमच्याच खोलीत होते रे. तेव्हा कुणी विचारच करत नव्हतं." मी एब्रॅम्सचं चित्र काढलं आणि गुडघ्याच्या बटणाची गोष्ट सांगितली. ते खुर्चीवरून उठले, गुडघा जेवणाच्या टेबलाच्या पायाला टेकवला, दोन्ही हातांनी हवेतला गोळा ओढून घेतला, वळले आणि मूठ मिटून पुढे रेटला. गुडघा तसाच टेबलाला टेकलेला राहिला होता. तो त्यांनी खाली पाहून बाजूला घेतला आणि मला विचारलं, "दार लागायला किती वेळ लागतो?"